हमिंग गेलं, अर्थिंग राहिलं

अहो, हमिंग गेलं!

ते घूं पूर्ण गेलं. अँप्लिफायरच्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून स्पीकरच्या जाळीला कान लावला, तरी काही ऐकू येत नाही. आणि थ्री-पिन टॉपची, म्हणजे त्याच्या प्लगची, वरची जाड पिन जागेवर आहे, तिला हिरवी तार घट्ट आवळलेली आहे. या दोन गोष्टी एका घरात नांदणार नाहीत असं तुम्ही अठरा वर्षं सांगत होता. नांदतायत. गुरुवारी सकाळी पावणेअकरा वाजता हे माझ्या लक्षात आलं आणि मी जोरात हाक मारली, "अहो, इकडे या!" मग आठवलं.

तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. हे लिहिते आहे तुम्हाला, पण याची एक प्रत कॅलगरीला जाणार आहे. अजय ते आपल्या नातवंडांना, इरा आणि नीलला, वाचून दाखवील. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टीही मी सांगणार आहे. मध्येच "हे माहितीये गं" असं म्हणू नका.

मुलांना ठाऊक नाही की तो अँप्लिफायर आपल्याकडे बसमधून आला. भोसरीच्या जुन्या कारखान्याचा हॉल पाडायला काढला, तेव्हा कार्यक्रमांसाठी वापरायचा हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर भंगारात निघाला होता. तुम्ही रीतसर गेटपास केला आणि तो लोखंडी डबा मांडीवर घेऊन कंपनीच्या बसने चिंचवडला आलात. "नाना, बाळाला टोपरं घाला, गार लागंल," असं कुणीतरी म्हणालं, आणि तुम्ही खरोखरच गळ्यातला मफलर काढून त्याच्यावर टाकलात. घरी येऊन तो लावला. वरच्या काचेच्या नळ्या, म्हणजे ते व्हॉल्व्ह, हळूहळू नारिंगी झाल्या. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी अजयच्या जन्माच्या वेळी पाहिलं होतं. त्यानंतर थेट त्या दिवशी. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

मुलांना हेही सांगायला हवं की कंपनीत तुमचं नाव 'अर्थिंग नाना' होतं. मशिनच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली तर तिला माणसाच्या अंगातून न जाता तारेतून जमिनीत जायला वाट हवी, त्या वाटेला अर्थिंग म्हणतात. एवढं मी शाळेत सातवीला शिकवत होते. तुम्ही ते चाकणच्या प्लांटात जगत होता. प्रत्येक मशिनला अर्थिंगच्या दोन-दोन पट्ट्या, आणि त्यातली एक जरी सैल सापडली तरी तुम्ही लाईन बंद करायचात. मॅनेजर ओरडायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत. "माणूस चिकटला की मग लाईन बंदच होते," हे तुमचं उत्तर.

आणि याच माणसाने घरात काय केलं, ते मला खंडेनवमीला कळलं.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा व्हायची आणि घरी तुमच्या हत्यारांची. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मीटर असं सगळं पाटावर. त्या वर्षी तुम्ही अँप्लिफायरही मागच्या काही तारा काढून पाटावर आणून ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, चालू होता. सनईची रेकॉर्ड लागली होती. मी नुकतंच गंध उगाळलेलं. ओल्या बोटाने आधी पकडीला लावलं, मग मीटरला, मग त्या लोखंडी डब्याला. आणि बोट असं मागे आलं की गंधाची वाटी तुमच्या शर्टावर.

"अहो, याला करंट येतोय!"

"करंट नाही गं, झिणझिण्या आहेत."

"झिणझिण्या पायाला येतात. हा करंट आहे."

"जुनं मशीन आहे. थोडं असतं त्याच्या अंगात."

मी टॉप उघडायला लावला. आत हिरवी तार कापलेली, आणि टोकावर काळी टेप अगदी व्यवस्थित गुंडाळलेली. तुमचंच काम. वाईट कामसुद्धा इतकं नीटनेटकं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

"अर्थिंग लावलं की घूं करतं," तुम्ही म्हणालात. "रेकॉर्डपेक्षा तेच मोठं. ऐकवू का?"

"ऐकवू नका. लावा."

तुम्ही लावलं नाही. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "कंपनीत दुसऱ्याच्या लेकराला करंट लागू नये म्हणून लाईन बंद पाडता, आणि घरात बायकोला लागला तर झिणझिण्या!" दुसऱ्या दिवशी अँप्लिफायरसमोर रबराची चटई आली. तार तशीच राहिली. तुमचं म्हणणं असं की तो फक्त तुम्हीच हाताळणार, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून. मग काय बिघडतं? माझं म्हणणं असं की धोका माणूस बघून येत नाही. मी त्या दिवसापासून त्याला हात लावला नाही, आणि तो चालू असताना त्या खोलीतही बसले नाही. तुम्ही आतून हाक मारायचा, "ये ना, काय आवाज आहे बघ!" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "तार जोडा, येते." दोघंही हसायचो. पण तुम्ही तार जोडली नाहीत आणि मी आले नाही. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही हाक मारायचं बंद केलंत. तेव्हा मला वाटलं, तुम्हाला दम लागतो म्हणून असेल.

आता गेल्या आठवड्याचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, अजयचा फोन आला. तुमच्या दिवसांसाठी आला होता तेव्हाच त्याने तो टॉप उघडून पाहिला होता.

"आई, तो डबा देऊन टाक. डिसेंबरमध्ये आम्ही येतोय. नील दिसेल त्या बटणाला हात लावतो."

"मी अर्थिंग लावून घेते."

"लावल्यावर तो केवढा बोंबलतो, हे बाबांकडून कितीदा ऐकलंय. मग ठेवायचा कशाला, शोपीस म्हणून?"

"मला एक आठवडा दे."

"आई, बाबा गेले. तू एकटी आहेस तिथे. तुझ्या बाबतीत मला काही भलतंसलतं ऐकायचं नाहीये." मग म्हणाला, "रविवारपर्यंत. अर्थिंगसकट गप्प बसला तर ठेव. नाहीतर मी इथून भंगारवाल्याला फोन करतो."

अट बरोबर होती. तीच अट मी तुम्हाला घातली असती, तर कदाचित अठरा वर्षं लागली नसती.

सोमवारी मी बबनभाऊंना बोलावलं. बबनभाऊ म्हणजे चाकणच्या प्लांटात तुमच्या हाताखाली असलेले वायरमन, हे इरासाठी. आता निवृत्त आहेत, मोशीला राहतात. पिशवीत मीटर आणि एक होल्डरचा बल्ब घेऊन आले. तुमच्या फोटोला नमस्कार केला, चहा घेतला, आणि टॉप उघडला. मग नुसते बघत बसले.

"वैनी, ह्ये कुनी केलं?"

"नानांनी."

"आपल्या नानांनी?"

"त्यांनीच."

"आवं, ह्याच कामासाठी मला त्यांनी दोन दिस घरी बसवलं व्हतं! पंख्याची हिरवी तार कापली म्हनून. सगळ्या शिफ्टीसमोर झापलं. आन् घरी सोता..." ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता रडायला लागले. मग मीही. चहा पुन्हा केला.

त्यानंतर मात्र त्यांनी कंपनीतल्यासारखंच काम केलं. प्लग काढला, तरी मला जवळ येऊ देईनात. "ह्याच्यातल्या कंडेन्सरमधी वीज साठून ऱ्हाते, वैनी. पिन काढली म्हंजी मेला असं न्हाई." आधी ती साठलेली वीज काढली, मीटरने शून्य पाहिलं, मग हात घातला. मुलांनो, हे वाक्य दोनदा वाचा. जुनं यंत्र बंद दिसलं तरी उघडायचं नाही, ते बबनभाऊंसारख्या माणसाचं काम आहे. आत एक जुना, फुगलेला कंडेन्सर निघाला, विजेच्या तारेतून थेट लोखंडी अंगाला जोडलेला. खंडेनवमीची झिणझिणी त्याचीच होती. त्याच्या जागी बुधवार पेठेतून खास सुरक्षित जातीचा नवा आणला, फिल्टरचे दोन वाळलेले कंडेन्सरही बदलले. डब्याच्या तळाचा रंग खरवडून चकचकीत लोखंडाला हिरवी तार स्क्रूने बसवली.

मग त्यांनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये बल्ब लावून पाहिला, एक तार विजेला, एक अर्थिंगला. बल्ब पेटला, पण पिवळट, आजारी माणसासारखा. "भोकं तीन हायती, पन अर्थिंग न्हाई," ते म्हणाले. "अर्थिंगचा खड्डा कुटं हाय?"

खड्डा पार्किंगमध्ये, कुणाच्यातरी स्कूटरखाली. झाकण काढलं तर आत कोरडं ठक्क, पट्टीचा बोल्ट गंजलेला. कोरड्या मातीत वीज उतरत नाही, आणि तेव्हा मला सगळं उलगडलं. दर मार्च-एप्रिलला तुम्ही बादली घेऊन खाली जायचा. शेजारी विचारायचे, काका कुठल्या झाडाला पाणी घालतात? तुम्ही आपल्या बत्तीस बिऱ्हाडांच्या अर्थिंगला पाणी घालत होता, मीठ आणि कोळसा टाकत होता, कुणाला न सांगता. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तुम्हाला बादली उचलायला बंदी केली, आणि तुमच्या जागी दुसरं कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. मला तर तुम्ही तेही काम करता हे कळलेलंच नव्हतं. मला वाटायचं, स्कूटर धुता.

बबनभाऊंनी बोल्ट बदलला, मी पाणी ओतायला घेतलं. वरून सोसायटीच्या चेअरमनांचा आवाज आला, "अहो मॅडम, इथे गाड्या धुवायला बंदी आहे!"

"गाडी न्हाई धूत," बबनभाऊ खालून ओरडले, "तुमच्या बिल्डिंगला पानी पाजतोय!"

चार बादल्यांनी बल्ब लख्ख पेटला. वर येऊन त्यांनी मेन बोर्डात करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विचही बसवून दिला. सगळं झालं. बुधवारी संध्याकाळी आम्ही अँप्लिफायर लावला.

घूंऽऽऽ.

काय सांगू तुम्हाला. पूर्वीपेक्षा मोठं. खिडकीच्या काचा थरथरल्या. बबनभाऊंचा चेहरा पडला. "नानांचं खरं व्हतं म्हनायचं," ते हळूच म्हणाले. हातात पक्कड होती. माझ्याकडे बघितलं, पकडीकडे बघितलं.

"बबनभाऊ, मनात आणू नका."

"न्हाई वो वैनी. आता दुसऱ्यांदा घरी बसायचं वय ऱ्हायलं न्हाई."

ते गेल्यावर मी तुमच्या खुर्चीत बसले आणि तुमच्यावर चिडले. फार चिडले. जिंकलात, आणि वाद घालायला थांबलाही नाहीत.

गुरुवारी सकाळी आंघोळ, देवपूजा, नाश्ता उरकून मी एक शंभर पानी वही काढली. मी तीस वर्षं वर्गात एकच गोष्ट शिकवली: एका वेळी एकच बदल करा, आणि जे दिसलं ते लिहा. अँप्लिफायरच्या मागे तीन तारा येत होत्या. प्रत्येक वेळी बटण बंद, प्लग बाहेर, एक तार काढायची, प्लग परत लावून ऐकायचं.

रेकॉर्ड प्लेअरची आवाजाची तार काढली. हमिंग तसंच. परत लावली. त्याची बारीक, केसासारखी अर्थिंगची तार काढली. हमिंग वाढलं! म्हणजे ती हवीच. परत लावली, स्क्रू घट्ट केला. तिसरी तार टीव्हीकडून येत होती. टीव्ही बंदच होता, तिचा काय संबंध, असं वाटून सोडूनच देणार होते. पण वहीत तीन रकाने आखले होते आणि तिसरा रिकामा ठेवणं मला जमलं नाही. ती काढली. प्लग लावला. बटण दाबलं.

काहीच नाही. मला वाटलं, बंद पडला. वाकून पाहिलं तर नळ्या नारिंगी! सुईखाली रेकॉर्ड ठेवली तर व्हायोलिन असं आलं की मी दचकले. मग पुन्हा तार लावली: घूं. काढली: शांत. लावली: घूं. काढली: शांत. सहा वेळा केलं, अहो! सहाही वेळा वहीत लिहिलं.

बबनभाऊंना फोन केला, "लगेच या!" ते बिचारे घाबरून विचारायला लागले, "वैनी, चिकटला का कुनी?" आले, ऐकलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. टीव्हीच्या मागे केबलवाल्याची तार आहे. तिचं वरचं जाळीचं आवरण बाहेर कुठेतरी जमिनीला जोडलेलं असतं. अँप्लिफायरला जमिनीकडे एक वाट भिंतीतून होती आणि दुसरी टीव्हीतून. दोन वाटांचं मिळून एक रिंगण झालं आणि त्या रिंगणात वीज गोल फिरत घूं करत राहिली. तुम्ही त्यातली एक वाट तोडून हमिंग थांबवलंत. फक्त तोडायची ती सोडून दुसरी तोडलीत. जीव वाचवणारी.

आणि आता ते सांगते जे मुलांपासूनही लपवणार नाही. टीव्हीची ती तार माझी आहे.

आठवतं का? अँप्लिफायर आला, तेव्हा त्याला साधा दोन पिनांचा टॉप होता आणि तो गप्प होता. एका रविवारी तुम्ही हौसेने त्याला थ्री-पिन टॉप बसवत होता, अर्थिंगसकट. मी म्हणाले, आता हातात पक्कड आहेच, तर टीव्हीच्या बातम्याही मोठ्या स्पीकरवर येऊ द्या, मला स्वयंपाकघरात नीट ऐकू येत नाही. तुम्ही लगेच तार ओढून दिलीत. एकाच दिवशी दोन बदल. संध्याकाळी हमिंग सुरू झालं. तुम्ही स्वतःचा बदल मागे घेतलात. माझा ठेवलात. बातम्या मोठ्याने येत राहिल्या, मी खूश होते, आणि एका वेळी एकच बदल म्हणणाऱ्या बाईच्या मनातही आलं नाही की आपली तार काढून बघावी.

तेव्हा निकाल असा. अर्थिंग कापणं चूक होती, आणि ती तुमची. त्यात मी एक शब्दही मागे घेत नाही. मुलांनी हे लक्षात ठेवावं की आवाजासाठी ती तार कधीच कापायची नसते. पण हमिंग माझं होतं. घरात बायकोला लागला तर झिणझिण्या, हे वाक्य मी मागे घेते. तुम्ही माझ्यासाठी ओढलेल्या तारेवर संशय घेतला नाहीत, एवढंच तुम्ही केलंत. हे तुमच्यासमोर बोलायला मला चाळीस दिवस उशीर झाला.

बबनभाऊ म्हणाले, दोन्ही हवं असेल तर आवाजाच्या तारेत एक छोटा ट्रान्स्फॉर्मर बसवता येतो. त्यातून आवाज जातो, पण रिंगण होत नाही. मी नको म्हणाले. बातम्या मी मोबाईलवर ऐकेन.

काल रविवार होता. संध्याकाळी अजयने व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळ. मागे इरा आणि नील पांघरुणातच.

"हं, आई. ऑन कर बघू."

"ऑन आहे."

"नाही, म्हणजे प्लग लावून. अर्थिंगसकट."

"लावलाय. बघ." मी फोन मागे नेऊन पिन दाखवली, मग नळ्या दाखवल्या.

"आवाज वाढव."

"पूर्ण वाढवलाय."

तो फोन कानाला लावून ऐकत राहिला. मला फक्त त्याचा कान दिसत होता. नील म्हणाला, "आजी, टच इट!" मी तळहात सपाट त्या लोखंडावर ठेवला. गरम होतं. झिणझिणी नाही, काही नाही.

"डन?" नीलने विचारलं.

"अरे, अजून ठेवलाय हात," मी म्हणाले.

अजयने फोन कानावरून काढला. मग म्हणाला, "असू दे तो तिथेच." आणि मागे इरा-नीलचं भांडण सुरू झालं, डिसेंबरमध्ये पहिली रेकॉर्ड कोण लावणार.

फोन ठेवला आणि मी व्हायोलिनची रेकॉर्ड लावून खोलीत बसले, रबराच्या चटईवर पाय ठेवून. तुमचं खरं होतं. काय आवाज आहे! दोन सुरांच्या मधली जागासुद्धा ऐकू येते. स्वयंपाकघरात ती कधी पोचलीच नव्हती.

एक बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. उठून रेकॉर्ड उलटणं नेहमी तुमचं काम असायचं, म्हणून मी थोडा वेळ बसून राहिले. मग उठले आणि दुसरी बाजू लावली.